मशीनचं मुसकं

हे लिहून ठेवणारच न्हवतो. त्रिंबकनं कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. लिहू नको असं मात्र न्हाई म्हणला. सिरसाळ्यात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. यंदाच्या दुष्काळात दूध संस्थेनं चारा छावणी काढली, अन जनावरांच्या कानातले बिल्ले टिपायला हातात मावणारा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. दोन नमुने त्रिंबकनंच हुडकून आणलते. परवा संस्थेच्या बैठकीत निकाल लागला. काल दुपारी त्याच्या दोस्ताचा, सिदूचा फोन आला तवा मी दुकानातच बसलेलो.

हॅलो?… हां, बोल सिदू… न्हाई जेवलो अजून. कावून?

हो… हो, बारकीच घेतली त्यांनी. मीच म्हणलो बारकी घ्या… अरे हो, मीच. आता ऐक तर.

मोठी मशीन कशी व्हती, सांगू? अर्ध्या विटंएवढी. कडंनं रबर. मागं पट्टा, त्यात पंजा घातला की उलटी धरली तरी पडत न्हाई. बटनं अशी, की चारा तोडून चिरलेल्या बोटानं बी दाबावीत. भर उन्हात आकडे दिसत्यात… दिसायला? दिसायला रेड्यावानी, ते खरंय.

अन बारकी… साबणाची वडी बघ. ओली. सदऱ्याच्या वरच्या खिशात बसती, बोटभर डोकं वर काढून. पट्टा न्हाई, कडी न्हाई, दोरा ववायला भोक न्हाई. बटनं ज्वारीच्या दाण्याएवढी. एक दाबावं तर तीन दबत्यात.

मग, तेच तर सांगतोय. म्हशीच्या कानातला बिल्ला टिपायचा म्हणजे वाकावं लागतं का न्हाई? एका हातानं कान धरायचा, ती मान हिसकणार… हां. अन दावणीम्होरं काय हाय?… हौद. बरोबर. हासू नको, पुढं ऐक.

हे सगळं मी बैठकीत सांगायलाच गेलतो बे. दोन्हीच्या मापाचे लाकडी ठोकळे बी करून नेलते, ज्याला त्याला खिशात घालून बघता यावं म्हणून. आपला चेअरमन, मोहनराव, त्यानं मोठी उचलली अन म्हणला, ही कमरेला खोचली तर धोतर सुटंल. हासले सगळे. मी बी हासलो… अरे हासलो, काय करतो. म्हणलं, साहेब, पट्टा महत्त्वाचा हाय. तर म्हणला कसा…

इथं त्रिंबकनं उठून शटर अर्धं खाली ओढलं. आवाज एकदम बारीक झाला.

…म्हणला, 'तुझ्या बापानं आमच्या म्हशी राखल्या. तू मशीनी राख. आमाला अक्कल शिकवू नको.'

हां. सगळ्यांम्होरं… दादा? बापाचं नाव निघालं तवा दादा तिथंच व्हते की. दारात, चपलांपाशी बसलेले. मान बी वर न्हाई केली त्यांनी.

न्हाई. मोठी पिशवीत घातली. बारकी पुसली, अन मपल्या हातानं मोहनरावाच्या खिशात ठिवली. म्हणलं, साहेब, शोभती. हीच घ्या. लगेच ठराव. सोमवारी छावणीवर पहिली म्हैस तोच टिपणार, फोटो काढून घेणार. मनात म्हणलं, वाका साहेब. खुशाल वाका.

…हॅलो? काय म्हणलास?

छावणीवर मशीन धरायला कुणाला ठिवलं?… तुला?… कवा ठरलं हे?

अन मशीन बुडाली तर तुझंच काम जाणार… अरे, मग मला आधी विचारायचं न्हाई का… ऊसतोडीला जायचं न्हाई यंदा, असं वहिनीला सांगून बी टाकलंस?… लुगडी परत पेटीत ठिवली तिनं?…

थांब. थांब जरा. इचार करू दे.

सिदू, वासरू दूध पिऊ न्हाई म्हणून त्वांडाला जाळीचं मुसकं बांधत्यात, ते सुंदरकाकू अजून विणत्यात का?… न्हाई, वासराचं मोठं व्हईल. मशीनच्या मापाचं विणून घ्यायचं. लाकडी ठोकळा हाय की मपल्याकडं, त्याच्यावरच विणतील. काच दिसंल एवढं त्वांड उघडं ठिवायचं, अन दोरी तुझ्या गळ्यात. मग म्हैस नाचंना का.

हो, आज सांजच्यालाच ठोकळा घेऊन येतो. तुझ्या हातनं पडणार न्हाई, जा.

न्हाई. मोहनरावाला सांगणार न्हाई… ऐक की. सोमवारी फोटोसाठी तो मशीन मागंल, तवा मुसकं काढून द्यायचं. साहेबाच्या हातात मुसक्यातली मशीन शोभती का?… अन पहिली म्हैस आमची. हां, तीच, आडदांड. हौदाच्या कडंलाच बांधू.

तू काय करायचं? काय न्हाई. गळ्यातलं रिकामं मुसकं तेवढं दिसू द्यायचं सगळ्यांला, म्हणजे मशीन कुणाच्या हातनं पडली ते कळंल.

मशीन बुडाली की बोलवणार कुणाला? मलाच. जातो की. मोठी मशीन पिशवीत घेऊनच जातो, तुझं काम एक दिस बी आडणार न्हाई… पण पिशवी दादांच्या हातात असंल, सिदू. मोहनरावानं चपलांपाशी यायचं, दादांना तोंडानं मागायचं, तवाच ती उघडंल. तवर न्हाई. शब्द देतो तुला.

…हां. ठिवतो. भाकर खातो आता.