सिराजच्या हातची आमटी

…आणि वर मलाच विचारतात, 'एक साधा आचारी मिळत नाही तुम्हाला?' अहो, नाही मिळत! सदाशिव पेठेत खानावळ चालवून बघा, म्हणजे कळेल. जावई मिळेल, जागा मिळेल, आचारी मिळत नाही हो!

आमचा बजरंग, वर्षानुवर्षं शेगडीशी उभा राहिलेला, एका कंपनीच्या कँटीनमध्ये गेला. म्हटलं, 'बजरंगा, अरे इथे तुझ्या हाताची कदर आहे.' तर म्हणतो, 'कदर हाय मालक, पण रविवारची सुट्टी न्हाई!' गेला. मग एक हॉटेल मॅनेजमेंटवाला आला. 'सर, मी बेसिकली कॉन्टिनेंटलचा आहे.' म्हटलं, बाबा रे, आम्ही बेसिकली आमटीचे आहोत! दुपारपर्यंत टिकला. जाताना म्हणाला, 'सर, इथे ग्रोथ नाही.' बरोबर आहे, वाढणारा मी एकटाच! आचारी मिळत नाही हो!

आणि मग तुम्हाला सांगतो, सिराज आला. शनिवार पेठेतला, एका केटररकडे शाकाहारी जेवणावळी करून हात तयार झालेला. पहिल्याच दिवशी चिंचगुळाची आमटी केली आणि काय सांगू… कोणी नावंच ठेवेना! पुण्यात! श्यामसुंदरपंत, आमचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त हेडमास्तर, जन्मात कोणाला पैकीच्या पैकी मार्क न दिलेले… ते आणखी एक वाटी मागताना म्हणाले, 'बरी आहे.' बरी! मला तर भरून आलं, आणि त्या भरात बोलून गेलो, 'आमच्या सिराजनं केलीय!'

वाटी खाली.

'कोणी?'

'सिराजनं.'

'अस्सं.'

बास! ताक न घेता उठले! दुसऱ्या दिवशी पंतांचं पित्त वाढलं, शेजारच्या टेबलाला पथ्य लागलं, कोणाची बायको अचानक सुगरण झाली… भांडलो हो मी! म्हटलं, 'पंत, वाटीत नाव दिसतं का?' तर म्हणाले, 'तसं आमचं काही नाही. पण जेवताना मनात येतं.' मनात! पोटाला चालतं, मनाला बाधतं!

सिराजला काय दिसत नव्हतं? एका संध्याकाळी ॲप्रनची घडी माझ्या हातात ठेवली. 'मालक, मीठ कमीजास्त झालं असतं तर सुधारलं असतं. नाव अब्बांनी ठेवलंय.'

'अरे थांब, मी बघतो त्यांच्याकडे.'

'किती जणांकडे बघाल?'

तोच ॲप्रन दुसऱ्या दिवशी मी कमरेला बांधला.

आता शेगडीशी मीच. भात गिचका, आमटी बुडाला लागलेली. पंत परत आलेत… पित्त बरं झालं त्यांचं! आणि रोज पहिल्या घासाला, 'अहो, चांगला आचारी बघा!' अहो, मिळत नाही हो आचारी!

परवा तर कहर झाला. सिराज आता डेक्कनवरच्या एका मोठ्या हॉटेलात आहे. तिथे भटारखान्याला दार आहे, आत कोण ते बाहेर दिसत नाही. पंत रविवारी नेमके तिथे जेवून आले, आणि माझ्यासमोर मिटक्या मारत सांगतात, 'काय आमटी होती हो! चिंच, गूळ, सगळं बेतशीर. तुम्हाला सांगतो, आत नक्की कोणीतरी आपला माणूस आहे!'

म्हटलं, 'होता खरा.' आणि वाढली त्यांना करपलेली.