दिसत नाही तो दुसरा

सेलूच्या स्टँडवर बोरीची गाडी लागेना. माझ्या शेजारी आई, बाप आणि पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करणारी त्यांची लेक.

“एवढ्या उन्हात मोजे कशाला घातलेस गं? मामाच्या घरी पाहुणे बघायला येणार, अन् तू बूट-मोजे!”

“राहू दे आई.”

“सोड की तिला. अर्पे, तुजं ते गणित जमलं का?”

“जमलं, आण्णा. न दिसणारा तारा दुसऱ्या ताऱ्याच्या आडवा गेला, की मागच्याचा उजेड वाढतो.”

“आडवा गेला तर अंधार पडंल की!”

“न्हाई, त्याच्या ओढीनं उजेड वाकून गोळा होतो. आडवा जाणारा एकटा असला तर उजेड हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. माझ्या ताऱ्याचा दोनदा भडकला. मी एकट्याचंच गणित मांडत बसले, ते बसेना. सर म्हणाले, दुर्बीण बिघडली असंल.”

“मग?”

“जोडी धरून मांडलं. बसलं.”

“दिसला का दुसरा?”

“दिसत न्हाई. पण तो असल्याबिगर उजेड तसा भडकतच न्हाई.”

“अहो, गाडी लागली. उठा.”

“थांब जरा. अर्पे, दिवाळीत बी तू मोजे काढले न्हाईस. घरात बी न्हाई.”

“आण्णा, गाडी जाईल.”

“जाऊ दे. मी बी एकटीचंच गणित मांडायलोय का गं?”

“अगं बया, हे काय बोलायलेत? तू तरी बोल की!”

“आई, पायात जोडवी हायेत. लग्न केलंय मी.”