मीटिंगमध्ये हजर असलेला इसम

जबाब देणार: हरवलेल्या इसमाची पत्नी. वय ४६. व्यवसाय: कपडे शिवणे व दुरुस्त करणे. राहणार: तळमजला, दोन खोल्या, पैकी आतल्या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारे दार.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि कॉलेजात शिकणारी मुलगी असे राहतो. पती यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात होते. मागच्या वर्षी तो विभागच बंद झाला. तेव्हापासून ते घरी असतात. घरी म्हणजे आतल्या खोलीत.

तिथे बसून ते लॅपटॉपवर ओळखी वाढवायच्या मीटिंगांना हजर राहत. ठिकठिकाणचे लोक आपण काय काम करतो ते सांगतात आणि एकमेकांना शुभेच्छा देतात. अशा ओळखीतून नोकरी लागते म्हणे. सुरुवातीला दाराआडून यांचा आवाज यायचा, "नमस्कार, मला वीस वर्षांचा अनुभव आहे." मी एकदा विचारले, "यात नोकरी देणारा कोण आहे?" ते म्हणाले, "अजून तरी सगळे शोधणारेच दिसतात." मी म्हणाले, "उघड्यापाशी नागडं गेलं, सारी रात हिवानं मेलं." ते हसले. त्यानंतर त्यांना हसताना पाहिल्याचे आठवत नाही.

मीटिंग चालू असताना दार उघडायचे नाही, असा घरचा नियम होता. एकदा मी दुरुस्तीच्या कपड्यांचे गाठोडे घेऊन आत गेले, तेव्हा पडद्यावर सगळ्यांना दिसले. हे कानापर्यंत लाल झाले. तेव्हापासून मीच दार ओढून घेत असे आणि शिवणयंत्रही बंद ठेवत असे. कोणी आले तर सांगायचे, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

आज ते जेवायला बाहेर आले नाहीत. आतून लोकांचे बोलणे चालू होते, म्हणून मी ताट झाकून ठेवले. मुलगी कॉलेजातून आली तेव्हा आत एक गृहस्थ पुन्हापुन्हा म्हणत होते, "तुमचा आवाज येत नाही. माईक बंद आहे तुमचा." मुलगी म्हणाली, "आई, बाबांना बटण सापडत नसेल, मी बघते." तिने दार उघडले. खुर्ची रिकामी होती. पडद्यावर मात्र हे होते. निळा शर्ट, टाय, मधूनमधून मान हलवत ऐकत होते.

मुलीने मला समजावले की, हे आधीच चित्रित करून ठेवलेले आहे. तेच पुन्हापुन्हा लागते आणि बाकीच्यांना माणूस बसलेला वाटतो. पडद्यावरच्या लोकांच्या बोलण्यातून कळले की, पुढच्या महिन्यापासून मीटिंग तुम्ही चालवाल का, असे त्या गृहस्थांनी यांना विचारले होते. यांनी मान हलवली, तो होकार समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आता दोन शब्द बोला म्हणून आग्रह चालला होता. मुलीने माईक चालू करून सांगितले, "बाबा इथे नाहीत." त्यावर कोणीतरी म्हणाले, "मग हे दिसताहेत ते कोण?" मला त्या माणसाचा फार राग आला. नंतर स्वतःचा आला.

विचारल्यावरून सांगते की, घरात भांडण नव्हते. चिठ्ठी सापडली नाही. फोन आणि पाकीट टेबलाच्या खणात आहेत. मागच्या दाराची कडी काढलेली होती.

अंगावरच्या कपड्यांबद्दल सांगते की, कपाटात निळा शर्ट नाही, तेव्हा तोच असावा. त्याच्या छातीवरच्या खिशाचे बटण तुटले होते. जोडीचे मिळाले नाही म्हणून मी पांढरे लावले, त्याला बरेच महिने झाले. पडद्यावरच्या शर्टाला बटण निळेच आहे. म्हणजे चित्रण त्याच्याही आधीचे. इतके महिने मी कोणासाठी यंत्र बंद ठेवत होते, ते मला सांगता येत नाही.

माझ्या एका गिऱ्हाईक बाईंनी मागे म्हटले होते, "तुमचे साहेब दुपारचे पुलाजवळच्या बाकावर बसलेले दिसतात." मी म्हटले, "छे हो, दुसरे कोणी असतील. आमचे मीटिंगमध्ये असतात." आज इथे येण्याआधी मी आणि मुलगी त्या बाकाकडे जाऊन आलो. कोणी नव्हते. पुलावरून खाली पाहायचा मला धीर झाला नाही. मुलीने पाहिले. ती तेव्हापासून बोललेली नाही.

अलीकडचा फोटो मागितला, तो नाही. पडद्यावरचाच घ्यावा लागेल. लॅपटॉप तपासासाठी आणून देते. तो चालू आहे, माझ्यासमोर बंद करू नये ही विनंती.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'पती आज घरातून निघून गेले' असे लिहिले होते. त्यातला 'आज' हा शब्द मी खोडायला लावला आहे. ते कधी गेले ते मला माहीत नाही. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून सही करते.