उर्दूत मागितलेली खोली

साहेबांशी उर्दूत बोलायची अक्कल आमच्या पाटलांची, माझी न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. निजामाच्या काळात मी पिंगळीकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. शाळा उघडायच्या दिवशी तालीम खात्याचे, म्हंजे शिक्षण खात्याचे, नवे साहेब आले. शेरवानी, रुमी टोपी. आमाला शाळेला दुसरी खोली पायजे होती. हार घातल्याबरोबर पाटलांनी शाळेमागची मोकळी जागा दाखवली.

"साहेब, पोरांके लय हाल. इधर एक बांधके देव."

"बेशक, बेशक!" साहेब म्हणाले.

गावानं टाळ्या वाजवल्या. मंग दुपारपर्यंत पाटील बोलायलेत, साहेब मान हलवायलेत, आन् मला दोघांचंही काही कळंना.

जेवताना साहेबांनी भाकरीला ठेचा लावला. पहिल्याच घासाला ओरडले, "आई गं! मेलो! पाणी आणा!"

पाटलांचा हात ताटातच राहिला. "साहेब, तुमी मराठी?"

"सेलूचा हाय मी! तुमीच उर्दूत सुरू केलं. निम्मं तर मला कळलंच न्हाई."

"मंग खोलीला हो म्हणालात ते?"

"खोली?" साहेबांनी तांब्या खाली ठेवला. "मला वाटलं, विहीर मागायलाव. ते खातं माझं न्हाई, म्हणून तर लगेच हो म्हणलो!"