अध्यक्षांचा फोटो कुठल्या पानावर?

कम्प्युटरच्या बाबतीत मी किती बावळट आहे, ते ऐका. आमच्या मंडळाची स्मरणिका मी वर्डमध्ये करते आणि देशपांडेजी त्यांच्या ओपन फॉरमॅटवाल्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये. संध्याकाळी फाइल बडा गणपती भागातल्या छापखान्यात द्यायची होती. त्यांची फाइल मी उघडली, तर अध्यक्षांचा फोटो थेट श्रद्धांजलीच्या पानावर! पहिल्या पानावर नेऊन मी ती परत पाठवली. लगेच त्यांचा फोन, "वहिनी, अध्यक्षांना श्रद्धांजलीत का टाकलं?"

"मी तर बाहेर काढलं, भिया!"

त्यांनी काढलं की माझ्या स्क्रीनवर अध्यक्ष परत आत. मला वाटलं, हे मुद्दाम करतायत. दुपारभर हेच चाललं, तेव्हा कुठे कळलं, सॉफ्टवेअर बदललं की फोटो आपोआप सरकतो. शेवटी घाबरत घाबरत अध्यक्षांनाच विचारलं, "काका, कुठला फॉरमॅट ठेवू?"

ते म्हणाले, "ज्यात मी जिवंत आहे, तो."