नऊ बीजं आणि एक थर्मास

(टेस्ट-ट्यूब बेबी केंद्र, तिसरा मजला. प्रयोगशाळेच्या बंद दाराबाहेरच्या बाकावर नवरा-बायको.)

नवरा : म्हणजे थर्मासमध्ये चहा नाहीच?

बायको : नाही. झाकण लाव आधी. गार राहिलं पाहिजे.

नवरा : काय गार राहिलं पाहिजे?

बायको : प्रोटीन. माझ्या लॅबमधलं. गर्भनलिकेतलं.

नवरा : कुणाच्या गर्भनलिकेतलं?

बायको : हळू बोल ना.

नवरा : अगं पण, कुणाच्या?

बायको : डुकरिणीच्या. ओरडू नकोस. शुद्ध केलेलं आहे.

नवरा : आठ वर्षं लोकांना सांगतोय, बायको संशोधन करते. कसलं असं विचारलं की हवापाण्यावर येतो. आणि आज तू ते पर्समध्ये घालून इथे आणलंस!

बायको : मागच्या खेपेला काय झालं? सहा बीजं होती. डिशमध्ये तुझे शुक्राणू सोडले. चारांकडे कुणी फिरकलं नाही, दोनांत दोन-दोन घुसले. दोन घुसले की ते बीज बाद.

नवरा : माझ्या मंडळींचा पराक्रम पुन्हा नको सांगूस.

बायको : त्यांचा दोष नाही रे. काचेत त्यांना आवरायला कुणी नसतं. बाईच्या गर्भनळीत असतं. तिथली प्रोटीनं त्यांना भिंतीशी धरून ठेवतात, शांत करतात, मग थोडे थोडे सोडतात. बीजाचं कवचही जरा चिवट करतात. एक आत गेला की दुसऱ्याला शिरकाव नाही.

नवरा : म्हणजे दारावरचा वॉचमन.

बायको : वॉचमन झोपतो.

नवरा : आणि माणसांतही हे असंच चालतं?

बायको : डुकरिणीचं छातीठोक सांगते. माणसात... असावं.

नवरा : असावं! हा शेवटचा प्रयत्न आहे. याच्यापुढे तुझ्या तब्येतीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. आणि आपण ‘असावं’वर भिस्त ठेवायची?

बायको : मग काय करू? माझ्या दोन्ही नळ्या काढून टाकल्या. रोज दिवसभर दुसऱ्यांच्या धुते, पिळते, मोजते. स्वतःची एक नाही. निदान त्यातला थेंबभर तरी...

नवरा : बरं, बरं. डोळे पूस. दार उघडतंय.

बाई : नऊ बीजांवाले तुम्हीच ना? मी आतलं प्रयोगशाळेचं काम बघते. बीजं नऊच्या नऊ छान आहेत. साहेब, तुमचं सॅम्पल मात्र जेमतेम आहे. राग मानू नका.

नवरा : छे हो. सवय झालीय.

बाई : माझं मत विचाराल तर या वेळी डिशमध्ये मोकळं सोडायला नको. सुईनं एकेका बीजात एकेक शुक्राणू घालू. या कागदावर सही लागेल. तासाभरात द्या.

बायको : बाई, डिशमध्येच सोडून वर हे घातलं तर?

बाई : काय आहे ते?

नवरा : नका विचारू.

बायको : माझ्या लॅबमधलं, गर्भनलिकेतलं प्रोटीन. नव्वद टक्के शुद्ध. डुकरिणीचं.

बाई : उरलेले दहा टक्के?

बायको : काय आहे ते मलाही माहीत नाही.

बाई : ताई, तुमच्या लॅबमध्ये मी अशी काही बाटली घेऊन आले असते तर?

बायको : फाटकावरूनच हाकललं असतं.

बाई : मग?

बायको : कळतं हो मला. कालपर्यंत सगळं कळत होतं. आज सकाळी फ्रीजर उघडला, आणि हात आपोआप गेला.

नवरा : दे तो थर्मास इकडे. गाडीत ठेवून येतो.

बायको : उन्हात नको ठेवूस.

नवरा : नाही ठेवत.

बायको : सुई म्हणजे मग नळीचं कामच संपलं. धरणं नाही, थांबवणं नाही. निवडायचं तरी कोणी?

बाई : मी निवडते. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, कोण सरळ पोहतोय, कुणाचं डोकं ठीक आहे.

बायको : लाखांतून नऊ.

बाई : हो, नऊ.

बायको : सकाळपासून आमचं कितवं जोडपं?

बाई : पाचवं.

बायको : काही खाल्लंत का तुम्ही?

बाई : सवड कुठे मिळतेय?

बायको : द्या तो कागद, सही करते. पण तुम्ही आधी काहीतरी खाऊन या. बीजं तासभर थांबतात, मला माहीत आहे.