मागचा ब्रेक

रेजीस : ढकलत नाहीयेस तू.

मारीज : ढकलतेय की.

रेजीस : पाय फिरताहेत नुसते. दोघांची पॅडलं साखळीने जोडलेली आहेत म्हणून फिरताहेत. जोर सगळा माझा.

मारीज : तुला मागचं दिसतं?

रेजीस : मांड्यांना कळतं. एकतीस वर्षं या जोडसायकलवर पुढे बसतोय. बायको कधी ढकलते आणि कधी प्रवाशासारखी बसून राहते, ते मला कुणी सांगावं लागत नाही.

मारीज : तुझ्या बसमधल्या प्रवाशांना खिडकी तरी होती. मला एकतीस वर्षं तुझी पाठ. जर्सीचे रंग बदलले, तेवढाच काय तो देखावा.

रेजीस : मग बघ की आजूबाजूला. अख्खा डोंगर पिवळा झालाय फुलांनी.

मारीज : बघितला. पिवळा आहे.

रेजीस : झालं?

मारीज : झालं. पुढे दगडी क्रूस लागेल, तिथून डावीकडे घे.

रेजीस : डावीकडे कशाला? बुर्झेची खिंड सरळ आहे.

मारीज : डावीकडचा रस्ता बरा आहे. मधोमध गवत उगवलेलं, गाडी नाही, घोडं नाही. मी टपाल टाकत हिंडायचे तेव्हा सबंध सकाळीत एक ट्रॅक्टर भेटायचा, आणि तोही गप्पा मारायला थांबायचा. डोंगराच्या कडेकडेने थेट सां-मोरिलपर्यंत जातो. चढ नाही की उतार नाही.

रेजीस : आणि नऊ किलोमीटर जास्त.

मारीज : जेवण साडेबाराला आहे. कुठे आग लागलीय?

रेजीस : गेले सहा रविवार तू मला सपाटीवरून फिरवतेयस. नदीकाठ, कालव्याचा काठ, परत नदीकाठ. नकाशा तुझ्यासमोर असतो म्हणून वाट्टेल तिकडे न्यायचं? मी डोंगरात जन्मलोय, मारीज. बदक नाही मी.

मारीज : खिंडीपलीकडचं डांबर उखडलंय.

रेजीस : उखडू दे. बावीस वर्षं शाळेची बस उतरवलीय मी त्या घाटातून. बर्फात. मागे तीस पोरं ओकत असायची. अकरा वळणं, आणि एकदासुद्धा...

मारीज : एकदासुद्धा चाक घसरलं नाही. माहीत आहे.

रेजीस : मग?

मारीज : मग काही नाही. जा सरळ.

रेजीस : हे हातमोजे तेवढे बदलायला हवेत. फार जाड आहेत. हाताला काही लागतच नाही.

मारीज : आधीचे पातळ आहेत म्हणालास, म्हणून हे आणले.

रेजीस : ते पातळच होते.

मारीज : मंगळवारी वालांसला जायचंय ना तुला? डॉक्टरकडे?

रेजीस : पुढच्या महिन्यात गेलं ते.

मारीज : परत?

रेजीस : डॉक्टरांनाही सुट्ट्या असतात.

मारीज : त्यांनी पुढे ढकललं, की तू?

रेजीस : चढ लागलाय. बोलू नकोस, दम जातो.

लुसियां : बाजू द्या, बाजू द्या! आगगाडी निघाली वाटतं! डबे दोन, आणि इंजिन कुठंय?

रेजीस : ये, लुसियां. तिलाच विचार इंजिन कुठंय ते.

लुसियां : मी नाही बाबा नवराबायकोत पडत. माझं दुकान सायकली दुरुस्त करायचं, संसार नाही. काय चढ आहे, आई गं! सगळा सायकल क्लब कालव्याकडून गेला. मीच एक मूर्ख, म्हटलं रेजीस जातोय तर आपणही जावं. बरं मारीज, तो तापतो का गं उतारावर?

मारीज : कोण?

लुसियां : ब्रेक! मार्चमध्ये लावला ना, आता त्याची वायर ढिली पडली असेल. सां-मोरिलला पोचलो की ताणून देतो, दोन मिनिटांचं काम.

रेजीस : कुठला ब्रेक?

लुसियां : मागचा.

रेजीस : मागच्या चाकाचा ब्रेक माझ्याकडे आहे. उजव्या हाताला.

लुसियां : तो नाही रे, तिसरा. मारीजच्या हँडलखाली बसवला तो. तूच तर म्हणालास बसव म्हणून... म्हणजे, मारीज म्हणाली की तू म्हणालास...

मारीज : लुसियां, तू हो पुढे.

लुसियां : मी काय म्हणतो, जोडसायकलला तिसरा ब्रेक असावाच. त्यात काही कमीपणा नाही. एवढं वजन खाली उतरवायचं म्हणजे...

मारीज : लुसियां.

लुसियां : हो, हो. चाललोच. मी ऑम्लेट सांगून ठेवतो तुमचं. आळंब्यांचं ना? दोन. दोन सांगतो.

रेजीस : थांबूया.

मारीज : वर थांबू. इथं थांबलो तर परत निघता यायचं नाही.

(बुर्झेची खिंड. सायकल पाटीच्या खांबाला टेकवलेली. रस्त्यावर दुसरं कुणी नाही.)

रेजीस : कुठंय?

मारीज : नकाशाच्या पिशवीखाली. घाल हात.

रेजीस : हा? एवढासा?

मारीज : एवढासाच.

रेजीस : मला दिसला कसा नाही?

मारीज : पूर्वी या सायकलचा एक नट तुझ्या नकळत फिरत नव्हता. जानेवारीपासून तू साखळीला तेल घातलेलं नाहीस.

रेजीस : थंडी होती.

मारीज : मे महिना चालू आहे, रेजीस.

रेजीस : किती वेळा लावलास?

मारीज : वळण आलं की लावते.

रेजीस : अक्रोडाच्या वळणावर? एप्रिलमध्ये ती दुधाची गाडी समोर आली, तेव्हा?

मारीज : हो.

रेजीस : तेव्हा मी दाबला होता. चांगला जोरात दाबला होता.

मारीज : मी वाकून बघितलं. तुझी बोटं ब्रेकवर नुसती ठेवलेली होती. टेबलावर ठेवावीत तशी.

रेजीस : थांबलो की आपण. गाडीवाल्याने टोपी काढून दाखवली मला.

मारीज : दाखवली. आणि घरी आल्यावर तू पोरीला फोनवर सगळं रंगवून सांगितलंस, बाबाने कसं थांबवलं ते. मी भांडी विसळत होते.

रेजीस : तेव्हाच का नाही बोललीस?

मारीज : किती दिवसांनी खुशीत होतास तू.

रेजीस : घाबरली असशील.

मारीज : पहिल्यांदा घाबरले. नंतर नाही. आता भीती नाही वाटत, राग नाही येत. फुलं बघ म्हणालास, बघितली. पिवळी आहेत, एवढंच कळलं. वळण आलं की दाबायचं, गेलं की सोडायचं. दारोदार पत्रं टाकायचे तसं.

रेजीस : म्हणून ढकलत नव्हतीस.

मारीज : सगळा जीव हातात जाऊन बसलाय. पायांना काही उरत नाही.

रेजीस : आणखी काय काय माहीत आहे तुला?

मारीज : बटणांचे शर्ट तू कपाटात मागे सारलेस. कॉफीचा कप डाव्या हाताने धरतोस. पाव मला कापायला लावतोस आणि वर म्हणतोस, तूच पातळ कापतेस. एकतीस वर्षं मी जाडे काप करते म्हणून बोलणी खाल्ली.

रेजीस : जाडेच करतेस.

मारीज : करते.

रेजीस : लुसियां ऑम्लेट सांगून बसला असेल.

मारीज : बसू दे.

रेजीस : मागे फिरलो तर?

मारीज : मागेही उतारच आहे. खिंड आहे ही. इथून कुठंही गेलं तरी उतारच.

रेजीस : चालत उतरू मग.

मारीज : अकरा वळणं? सायकल हाताने धरून? दुपार टळून जाईल.

रेजीस : हं.

मारीज : वारा सुटलाय. जर्सी वर ओढ. थांब, मी ओढते.

रेजीस : राहू दे. पाना दे मला.

मारीज : पाना कशाला?

रेजीस : सीट खाली घ्यायचीय. पुढची. माझी तुझ्याहून चार बोटं उंच आहे, पाय पोचायचे नाहीत तुझे.

मारीज : रेजीस...

रेजीस : तुला येतो हा घाट. टपालाच्या मोपेडवरून उतरायचीस. मी बसमधून बघायचो तुला. वळणावर पाय बाहेर काढायचीस.

मारीज : मोपेडवर माझ्या मागे कुणी बसलेलं नसायचं.

रेजीस : मी गप्प बसेन.

मारीज : तू? गप्प?

रेजीस : दोन-तीन वळणांपर्यंत तरी.

मारीज : हा घे पाना. मी लावू का?

रेजीस : एवढं तरी मला करू दे.

मारीज : बरं. धरलास?

रेजीस : हो.

मारीज : नीट धरलास ना? सोडते मी.

रेजीस : थांब. सोडू नकोस. धरलाय की नाही ते मला कळत नाही, मारीज.